मनीप्लांट मॉस स्टिकला धरत नाही? आधी काठीला हात लावून बघा

दोरा सोडला की वेल अख्खी पुढे लवंडते. वर्ष झालं तरी मॉस स्टिकमध्ये, म्हणजे वाळलेलं शेवाळ (मॉस) किंवा काथ्या लावलेल्या काठीत, एक मूळ शिरलेलं नाही. खोडाच्या गाठीतून बाहेर आलेली मुळं अर्धा-पाऊण इंच वाढून तिथंच थांबलीत, टोकं तपकिरी झालीत, नखानं दाबलं तर वाळक्या काडीसारखी मोडतात. खालची पानं तळहाताएवढी, वर जावं तशी बारकी, आणि दोन पानांमधलं पेर मात्र लांबत चाललंय. काठीवर पांढरी भुकटी धरलीये. काठी कुंडीत कलंडलीये म्हणून कुणीतरी तिला भिंतीचा टेकू दिलाय. कुंडीभोवती बारीक काळ्या माश्या फिरतायत.

यातली दोन-तीन लक्षणं तुमच्या मनीप्लांटला, मॉन्स्टेराला, फिलोडेंड्रॉनला किंवा सिंगोनियमला लागू पडत असतील, तर त्या वेलीला तुम्ही काठीला बांधलंय, तिनं अजून काठी धरलेली नाही. दुखणं एकच आहे, कारणं आठ-दहा आहेत.

सोलापुरात गेली सात-आठ वर्षं मी हे बघतोय. आधी माझ्याच घरात, मग जिन्यातल्या शेजाऱ्यांकडे, मग त्यांच्या व्याह्यांकडे. जुळे सोलापूर, विजापूर रोड, अशोक चौक, सगळीकडे तीच तक्रार. रोपं विकणं हा माझा धंदा नाही, पण आता कुणाच्या घरी चहाला गेलो तरी आधी काठीकडे नजर जाते. माझे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. माग थांबला की ते आधी धागा बघत, मग धोटा, मग पट्टा. मोटर उघडायची पाळी क्वचितच यायची. "फुकटातलं आधी बघायचं, पैशाचं मागनं," असं म्हणायचे. खाली मी त्याच क्रमानं जातोय. मधलं गाळून एकदम नवी काठी आणायला जाऊ नका. दहातल्या सात-आठ घरी काठी बदलावीच लागत नाही.

वेल मुळांनी चढणारी आहे ना?

याला पैसाही लागत नाही आणि मिनिटही लागत नाही. वेली तीन-चार तऱ्हांनी चढतात. गुळवेल आधाराला पीळ घालत चढते, कृष्णकमळ तणाव्यानं पकडतं. त्यांना मॉस देऊन काही उपयोग नाही, साधी तार किंवा बांबू पुरे. होयाचंही तसंच, तिला कमान द्या. मॉस स्टिकचा खरा फायदा गाठीतून मुळं काढून आधाराला चिकटणाऱ्या वेलींना होतो. मनीप्लांट, मॉन्स्टेरा, सिंगोनियम आणि चढणारे फिलोडेंड्रॉन त्यात येतात.

आपली विड्याच्या पानाची वेलही त्यातलीच. पानमळ्यात शेवगा, शेवरी, हादगा लावून त्यावर पानवेल चढवतात, ती गाठीगाठीतून मुळं काढून सालीला धरते. मॉस स्टिक म्हणजे दिवाणखान्यातला शेवगाच, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचं बरंच सोपं होतं. फिलोडेंड्रॉनमध्येही झानाडूसारखे काही जागच्या जागी झुडूप करतात. त्यांना काठीला बांधून उभं करणं म्हणजे त्यांना उगाच त्रास.

काठीला हात लावा

सगळा लेख वाचायचा कंटाळा असेल तर एवढा भाग वाचा.

सकाळी पाणी घालायच्या आधी काठीला तीन ठिकाणी बोट लावायचं: बुडाशी, मध्ये आणि टोकाला. नुसतं वरून नको, मॉस किंवा काथ्या बाजूला सारून आत दाबायचं. बुडाशी ओल, मध्ये कोरडं, टोकाला खडखडीत असं असेल तर कारण सापडलं. आमच्याकडे बहुतेक घरी असंच निघतं.

विजापूर रोडवरच्या एका काकूंकडे गेलो होतो. सहा फुटी काठी, वेल चार ठिकाणी लोकरीनं बांधलेली, बघायला देखणी. मी म्हटलं, काकू, काठी कोरडी आहे. त्या म्हणाल्या, "अहो, रोज तांब्याभर पाणी घालते की हो मी!" घालत होत्या, पण कुंडीत. आणि कुंडीतलं पाणी काठीत चढत नाही. मॉसमधून ते फार तर चार बोटं, वीतभर वर सरकतं. काथ्याच्या दोरीतून तेवढंही नाही. काठीच्या वरच्या पाच फुटांना काकूंच्या तांब्याचा पत्ताच नव्हता.

वेलीचं मूळ ओलीचा माग काढत वाढतं. काठीजवळ गेल्यावर तिथं कोरडं लागलं की टोक वाळतं आणि वाढ थांबते. आलेलं मूळ सुकलं की त्याच जागी दुसरं सहसा येत नाही, पुढच्या गाठीची वाट बघावी लागते. मुळांनी काठीतून पाणी ओढलं तर वरची पानं मोठी होतात. नाही ओढलं तर सगळा भार कुंडीतल्या मुळांवर, आणि वेल जपून जपून बारकी पानं काढते. कोकणात नारळाच्या ओल्या बुंध्यावर चढलेला मनीप्लांट बघा, पान सुपाएवढं असतं. तोच मनीप्लांट, एपिप्रेम्नम ऑरियम, पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटाकडचा. त्याला आपण एप्रिलात सोलापूरच्या हॉलमध्ये, पारा ४२-४३ वर असताना, कोरड्या काठीला बांधून ठेवतो.

म्हणून पाणी वरून घाला. काठीच्या टोकावर, सावकाश, पेलाभर. कोरड्या काठीवर पहिलं पाणी घातलं की ते बाहेरून ओघळून सरळ कुंडीत जाईल. घाबरू नका. पूर्ण वाळलेला मॉस पाणी झटकून टाकतो. दहा मिनिटं थांबा, पुन्हा पेलाभर, पुन्हा दहा मिनिटं. तिसऱ्या वेळी आत मुरायला लागतं. एकदा आतपर्यंत भिजली की रोज थोड्या पाण्यात ओल टिकते. स्प्रे मारून हे होत नाही. फवारा वरचा मिलिमीटरभर थर ओला करतो आणि पंख्याखाली तो पंधरा मिनिटांत वाळतो. तुमचं समाधान होतं, काठीचं नाही.

इथं दोन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं म्हणजे कूलर. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी कूलर चालतो आणि खोलीत दमटपणा येतो, झाडाला तो आवडतो. पण कूलरचा झोत थेट काठीवर येत असेल तर तोच वारा काठी वाळवतो. कुंडी त्याच खोलीत ठेवा, पण झोताच्या बाहेर. एसीच्या खोलीत तर हवाच कोरडी असते, तिथं काठीला दिवसातून दोनदा पाणी लागलं तरी नवल नाही.

दुसरं, आणि यानं जास्त झाडं मरतात. काठीला वरून पाणी सुरू केलं की ते शेवटी कुंडीतच उतरतं. वर कुंडीतही जुन्या सवयीनं तांब्या ओतलात तर महिन्याभरात खालची मुळं कुजतात. काठीला पाणी सुरू केलं त्या दिवसापासून कुंडीचं वेगळं पाणी बंद. वरची दोन बोटं माती कोरडी झाली तरच कुंडीत घाला. आणि कुंडीच्या बुडाला भोक आहे का, ते उचलून बघा. शोभेच्या चिनी मातीच्या कुंड्यांना बऱ्याचदा नसतं.

रोज घालणं जमत नसेल तर बाटली. अर्ध्या लिटरची बाटली घ्या, झाकणाला तापलेल्या सुईनं एक भोक पाडा, बाटली उलटी करून काठीच्या तोंडात खोचा. बूड वर येईल, त्यालाही एक भोक पाडायला विसरू नका, नाहीतर हवा आत जात नाही आणि पाणी अडून बसतं. थेंब थेंब पडायला पाहिजे, अर्धा लिटर उतरायला चार-पाच तास लागले तर बरोबर.

आपल्याकडच्या जड पाण्यानं हे भोक दोन-तीन आठवड्यांत क्षारानं बुजतं. कंटाळून मी दुसरा उपाय केला. भोक जरा मोठं पाडलं आणि जुन्या टेरी टॉवेलची करंगळीएवढी पट्टी त्यातून ओवली, एक टोक बाटलीत, दुसरं काठीच्या आत वीतभर खाली. दिव्याच्या वातीसारखी ती पाणी खाली आणते. पट्टी जाड केली की पाणी जास्त, बारीक केली की कमी. सोलापुरात टॉवेलच्या चिंध्यांना काय तोटा! सूत ओलं राहून कुजतं, दोन-अडीच महिन्यांनी पट्टी बदलायची.

काठी सलग ओली ठेवून बघा. पावसाळ्यात तीन आठवड्यांत, उन्हाळ्यात सहा आठवड्यांत नव्या गाठीचं मूळ पांढरं-हिरवट टोक घेऊन आत घुसताना दिसलं, तर पुढचं काही करायची गरज नाही.

वेलीची पाठ कुठं आहे

काठी ओली आहे, तरी मुळं उलट्या दिशेला, हॉलच्या मध्याकडे हात पसरून उभी आहेत? मग वेल उलटी बांधलीये.

या वेलींना पाठ आणि पोट असतं. पानं उजेडाकडे तोंड करतात, हवेतली मुळं त्याच्या विरुद्ध बाजूनं निघतात. ऊस लावणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कांडी कशी ठेवायची, डोळा कुठं येईल, हे तो हातात घेऊनच बघतो. तसंच वेल हातात धरून गाठी बघा. बारीक तपकिरी गुठळ्या किंवा मुळांचे कोंब ज्या बाजूला आहेत ती पाठ. ती पाठ काठीला लागली पाहिजे.

आणि काठी खिडकीच्या विरुद्ध बाजूला पाहिजे. खिडकी, मग वेल, मग काठी, असा क्रम. लोक नेमकं उलट करतात, कारण खिडकीकडे ठेवली की काठी मागे दडते आणि पाहुण्यांना पानं दिसतात. पण पानं खिडकीकडेच वळणार. मग वेल दर महिन्याला काठीपासून लांब जात राहते आणि तुम्ही दोरे आवळत राहता.

कोवळेपणी उजेडापासून पळणं हा यांच्यातल्या काहींचा स्वभावच आहे. स्ट्राँग आणि रे या दोन संशोधकांनी १९७५ साली 'सायन्स'मध्ये कोस्टा रिकाच्या जंगलातल्या मॉन्स्टेराच्या एका जातीबद्दल लिहिलं होतं. जमिनीवर उगवलेलं कोवळं रोप उजेडाकडे न जाता आसपासच्या सगळ्यात अंधाऱ्या आकाराकडे सरकतं. तो आकार म्हणजे झाडाचा जाड बुंधा. बुंधा सापडला की मग ते वर, उजेडाकडे चढतं. काठी सावलीच्या बाजूला ठेवणं म्हणजे वेलीला बुंधा दाखवणं.

उजेड एकूणच कमी असेल तर पेरं लांबतात, पानं बारकी होतात, काठी कितीही ओली असो. दुपारी पानावर हात धरून बघा. हाताची मऊसर सावली पडली तर ठीक. सावलीच दिसत नसेल तर कुंडी खिडकीकडे सरकवा. पश्चिमेच्या खिडकीला मात्र एप्रिल-मेमध्ये पातळ पडदा लावा, आपलं दुपारचं ऊन पान भाजून काढतं.

कशानं बांधलंय आणि कुठं

माझी पहिली मॉन्स्टेरा याच्यापायी गेली. घरात पॉलिएस्टर धाग्याचा कोन पडलेला होता, मजबूत, फुकट. त्यानं वेल काठीला तीन ठिकाणी कचकचून बांधली आणि विसरलो. खोड जाड होत गेलं, धागा काही सैल होत नाही. मे महिन्यात एका सकाळी वरची चार पानं माना टाकून बसली. बघतो तर धागा खोडात असा रुतलेला की सुरीनं कापावा लागला. आत सगळं तपकिरी. वरचा भाग पाण्यात ठेवून जगवायचा प्रयत्न केला, नाही जगला.

नायलॉन, पॉलिएस्टर, तार, हे काही नको. जुन्या सुती साडीची किंवा टी-शर्टची बोटभर रुंद पट्टी घ्या. नर्सरीत झाडं बांधायची वेल्क्रो पट्टी मिळते, तीही चांगली. गाठ खोडावर पाहिजे, पानाच्या देठावर नाही, कारण पानाला वळायला मोकळीक लागते. पट्टी आणि खोडाच्या मध्ये करंगळीचं टोक सरकलं पाहिजे. आणि ज्या गाठीतून मूळ निघतंय नेमकी तीच गाठ काठीला टेकलेली हवी, दोन गाठींमधलं पेर टेकवून काही उपयोग नाही.

सुती पट्टी ओलीनं सहा-आठ महिन्यांत कुजून आपोआप तुटते. तोवर मुळांनी धरलेलं असतं. पानमळ्यात वेल बांधायला लव्हाळा वापरतात, तो ह्याच हिशोबाचा: वेल धरेपर्यंत टिकायचा, पुढे आपसूक गळायचा.

पांढरी भुकटी

ही बुरशी समजून लोक बुरशीनाशक आणतात. आधी नखानं खरवडा. कडक, चुन्यासारखी, पाण्यात सहज न विरघळणारी असेल तर तो क्षार. मऊ, कापसासारखी असेल तर बुरशी.

क्षार ओळखायला तुमच्या कूलरच्या जुन्या गवताकडे बघा. हंगामाच्या शेवटी ते जसं कडक आणि पांढरं होतं, तसंच काठीचं होतं, कारण काम तेच चाललेलं असतं: पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. वर्षभरात मॉस असा घट्ट होतो की कोवळं मूळ आत घुसू शकत नाही, आणि घुसलंच तर खारं पाणी त्याचं टोक जाळतं.

शहरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे पिंपात साठवणं आलंच. साठवल्यानं क्लोरीन उडून जातं, ते बरंच झालं. क्षार मात्र जात नाही. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात तो आणखी जास्त. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं, दोन-तीनशे रुपयांचं पेनासारखं टीडीएस मीटर मिळतं. आमच्या बोअरचं पाणी त्यावर ९०० च्या पुढे जातं. आणि आरओच्या नळीतून जे वाया जाणारं पाणी बादलीत धरतो, ते तर त्याहून खारं. फरशी पुसायला वापरा, काठीवर घालू नका. हा सल्ला मी स्वतः वर्षभर उलटा पाळलाय, पाणी वाचवल्याच्या आनंदात.

काठीपुरतं हलकं पाणी वापरा. एसीच्या नळीतलं पाणी जवळपास बिनक्षाराचं असतं, बादलीत धरून ठेवा. पावसाचं धरता आलं तर उत्तम. आपल्याकडे सप्टेंबरात बऱ्यापैकी पडतो, तेव्हा गच्चीवर दोन पिंपं भरून घ्या. काठीला दिवसाला पेला-दीड पेलाच लागतो, पिंप बरेच महिने पुरतं. कुंडीत साधं पाणी चालेल.

जमलेला क्षार काढायला महिन्यातून एकदा कुंडी बाथरूममध्ये नेऊन काठीवरून दोन-तीन तांबे हलकं पाणी सावकाश सोडा आणि सगळं निथळू द्या. खत काठीवर ओतत असाल तर ते बंद करा, तेही शेवटी क्षारच आहे.

माश्यांचं थोडक्यात. कुंडीतला वरचा थर सतत ओला राहिला की त्या होतात. कुंडीचं पाणी कमी करा, पिवळी चिकट पट्टी लावा, वर बोटभर जाड वाळू पसरा. काठी कोरडी करू नका.

आत काय भरलंय

इथून पुढे पैसे लागतात.

बाजारात दीड-दोनशेला मिळते ती बहुतेक काथ्याची काठी असते. प्लास्टिकचा पाइप आणि त्यावर नारळाच्या काथ्याची दोरी गुंडाळलेली. टिकाऊ आहे, वजनाला हलकी आहे, दिसायला चांगली आहे. पण आत पोकळ पाइप, बाहेर काही मिलिमीटर काथ्या, तोही नुसता तंतू. पाणी धरणार कुठं? मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत ती चालून जाते. सोलापुरात नाही चालत, माझं स्पष्ट मत आहे. नर्सरीवाल्याशी यावरून माझा दर वेळी वाद होतो आणि दर वेळी तो तीच काठी विकतो.

स्फॅग्नम मॉस म्हणजे फिकट पिवळसर, लांब धाग्यांचा, वाळलेला. तो स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरू शकतो. महाग असतो, पण लागतो थोडा. अडीच इंच व्यासाची तीन फुटी नळी धरली तर आतली जागा २.९ लिटर भरते.

घरी करायची असेल तर प्लास्टिकची जाळी घ्या, एक-दीड सेंटिमीटर घराची, हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते. पत्र्याची किंवा लोखंडी नको, गंजते. साडेआठ-नऊ इंच रुंदीचा पट्टा नळीसारखा वळवून केबल टायनं शिवायचा. मॉस अर्धा तास बादलीत भिजवून हलका पिळायचा आणि थोडा थोडा आत भरायचा. दाबून ठासू नका आणि सैलही सोडू नका. बोटानं दाबल्यावर उशीसारखा परत वर आला पाहिजे. पैसे वाचवायचे असतील तर धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्म्यापर्यंत मिसळा. 'धुतलेलं' महत्त्वाचं, न धुतलेल्यात मीठ असतं. जाळीच्या मागच्या बाजूला, जिथं वेल नाही, तिथं पातळ प्लास्टिकचा कागद लावला तर बाष्पीभवन बरंच कमी होतं. आमच्या हवेत ही युक्ती फार उपयोगाची पडली.

काठी हलतेय

वेलीचं मूळ कोवळं असतं. काठी जरा हलली की आत शिरलेलं टोक तुटतं. पंख्याच्या वाऱ्यानं डोलणारी काठी वेल कधीच धरत नाही, मग बाकी सगळं बरोबर असलं तरी.

टोकाला धरून हलवून बघा. बोटभर हलली तर बुडाशी पकड नाही. काठी कुंडीच्या तळापर्यंत गेलेली हवी, मातीत अर्धी खोचलेली चालत नाही. बुडाशी चार इंचांवर आरपार भोकं पाडून त्यातून दोन जाड काड्या फुलीसारख्या घाला, त्यावर माती दाबली की काठी उपटून येत नाही. ओल्या मॉसची तीन फुटी काठी सहज किलोच्या वर जाते, वर पानांचं वजन वेगळं, म्हणून प्लास्टिकच्या हलक्या कुंडीऐवजी मातीची किंवा सिमेंटची कुंडी घ्या. हे करायचं तर वेल काढावी लागते, म्हणून हे इतक्या खाली ठेवलंय.

काठी संपली, वेल वर गेली

शेवटचं आणि कष्टाचं. वेल टोकाच्या वर फूट-दीड फूट गेली, वाकली, आणि पुन्हा बारकी पानं सुरू झाली. जाळीची काठी असेल तर वर दुसरी नळी जोडता येते. नसेल तर पानमळेवाल्यांसारखी उतरण करा. वेल काठीवरून हळूच सोडवायची, खालचं बिनपानाचं खोड कुंडीत वेटोळं करून मातीआड करायचं आणि शेंडा नव्या ओल्या काठीला लावायचा. मातीआड गेलेल्या गाठी नवी मुळं धरतात. सुटताना काही मुळं तुटतील, तुटू द्या.

हे जून ते ऑक्टोबरमध्येच करा. एप्रिलात केलेली उतरण मी दोनदा मेलेली बघितलीये, एकदा माझ्याच हातची.

कापताना ब्लेड स्पिरिटनं पुसा, हातमोजे घाला. मनीप्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम यांच्या चिकात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कातडीला खाज सुटते आणि डोळ्यात गेला तर जीव नकोसा होतो. छाटणी उघड्यावर टाकू नका. लहान मुलानं किंवा कुत्र्या-मांजरानं पान चावलं आणि तोंडाची आग, लाळ, सूज दिसली तर तोंड धुऊन सरळ डॉक्टरकडे किंवा जनावरांच्या डॉक्टरकडे जा. घरगुती उपाय करत बसू नका.

इथं हात आखडता घ्या

काठी तुमच्या डोक्याच्या वर गेलेली असेल आणि कुंडी एकट्यानं सरकत नसेल, तर माळ्याला बोलवा. चार-पाचशे रुपये जातील. ओली सहा फुटी काठी अंगावर आली तर त्याहून जास्त जातात, पाठही जाते.

काठी भिंतीला क्लॅम्पनं धरायची असेल आणि आत वायरिंग कुठून गेलंय हे नक्की माहीत नसेल, तर ड्रिल हातात घेऊ नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा. आणि रोज पाणी टपकणारी काठी बोर्डाच्या किंवा एक्स्टेन्शनच्या वर-शेजारी कधीच नको. कुंडी हलवायला जागा नसेल तर तो बोर्ड त्याच्याकडूनच हलवून घ्या.

पानांवर पाण्यानं भिजल्यासारखे काळपट डाग, भोवती पिवळी कड, घाण वास, आणि दोन-तीन दिवसांत शेजारच्या पानावर तेच, असं दिसलं तर काठीचा विचार सोडा. ते झाड बाकीच्यांपासून लांब न्या, पाणी फवारणं बंद करा, एक पान पिशवीत बंद करून जाणत्या नर्सरीवाल्याला दाखवा. अंदाजानं औषध मारू नका. शेतात मारायची औषधं बंद हॉलमध्ये तर अजिबात नाही. तसंच बुडाशी खोड मऊ होऊन बोटानं दबत असेल तर वरचा निरोगी शेंडा कापून नवं रोप करायची वेळ आलेली असते. ती पहिल्यांदा जाणत्या हातांना करू द्या, बाजूला उभं राहून बघा.

आता एवढं सगळं करून झाल्यावर वेलीनं धरलं की नाही हे कसं कळणार? तीन महिन्यांनी सगळ्यात खालची पट्टी सोडा. वेल जागची हलली नाही तर दोन बोटांनी हलकेच ओढून बघा. काठीचा मॉस तिच्याबरोबर ओढला गेला तर ती पट्टी काढून टाका आणि आठ दिवसांनी त्याच्या वरची बघा. शेंड्याजवळची मात्र राहू द्या.